वाटाण्याएवढं भोक

रात्री साडेअकराला, सगळं घर झोपल्यावर, मी दिवाणखान्याच्या खिडकीवरून एका पाच वर्षांच्या मुलीची कागदी चांदणी उचकटून काढली. दिवा न लावता, रस्त्यावरच्या उजेडात, जुन्या एटीएम कार्डाची कड काचेवरून सरकवत, चोरासारखं. चांदणी काही अख्खी निघाली नाही. दोन टोकं काचेलाच राहिली, ती नखानं खरवडली. मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून उरलेल्या पिवळ्या कागदाचे आठ चौकोन कापले, घड्या घातल्या, ४५ अंशांचा सेट-स्क्वेअर लावून आठही पाकळ्या बसवल्या आणि नवी चांदणी बरोब्बर त्याच जागी चिकटवली. सव्वाबारा वाजले. खरं सांगायचं तर त्यानंतर मला झोप फार छान लागली.

सकाळी ईरा दुधाचा कप घेऊन खिडकीशी गेली आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली. ओठांवर दुधाची मिशी. मी पेपरच्या आडून बघत होतो.

"आजोबा, ही माझी नाहीये."

"अगं, तीच आहे. जरा वाकडी झाली होती ना, ती नीट केली."

तिनं चांदणीच्या बरोबर मध्यावर बोट ठेवलं. "मग डोळा कुठे गेला?"

याला आता दोन महिने होऊन गेलेत, आणि मी अजून त्या प्रश्नाला उत्तर दिलेलं नाही.

मी ड्राफ्ट्समन होतो. त्या नावाचं काम आता फारसं कुणी करत नाही म्हणून 'होतो'. चौतीस वर्षं टी-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर आणि अमोनिया प्रिंटचा तो डोळ्यांत चढणारा वास. पुढची काही वर्षं कॉम्प्युटरशी जमवून घेण्याची. आमच्या धंद्यात एक सोपा हिशोब होता. भिंत वाकडी उठली तर गवंड्याचा दोष, नकाशात वाकडी असली तर आपला. त्यामुळे सरळ रेषेची सवय बोटांतून डोळ्यांत आणि डोळ्यांतून स्वभावात गेली. कुणाकडे जायला निघालो की जिन्यातच ताकीद मिळते, "त्यांच्या भिंतीवरच्या फोटोंना हात लावायचा नाही हं." एकदा मी सांत्वनाला गेलेल्या घरी गेलेल्या माणसाचा फोटो सरळ केला होता, तेव्हापासून.

मुलगा सात वर्षं जर्मनीत स्टुटगार्टला आहे. डिसेंबरात तिघं तीन आठवड्यांसाठी कोथरूडला आली होती. ईरा येतानाच काम घेऊन आली होती: आजीच्या खिडक्या रिकाम्या आहेत, त्या भरायच्या. तिकडे तिच्या बालवाडीत हे हिवाळ्यातलं नेहमीचं काम. पातळ रंगीत कागदाच्या घड्या घालून चांदण्या करायच्या आणि काचेवर लावायच्या. तिच्या शाळेची जी पद्धत आहे तिची पहिली शाळा १९१९ साली त्याच गावात निघाली, वाल्डॉर्फ-अस्टोरिया नावाच्या सिगारेटच्या कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांसाठी, आणि जगभर आजही त्या शाळांना कारखान्याचंच नाव आहे. हे वाचून मला हसू आलं. विडीच्या कारखान्याच्या नावाची शाळा आमच्या शनिवार पेठेत निघाली असती, तर एका आईबापानं पोर पाठवलं नसतं.

कागदासाठी आम्ही दोघं बोहरी आळीत गेलो. वनाजला मेट्रोत बसायचं, जिल्हा न्यायालयाला गाडी बदलायची आणि मंडईला जमिनीखालून वर यायचं. मेट्रोचं तिला काडीचं कौतुक नव्हतं, कौतुक मलाच. मंडईची अष्टकोनी इमारत दाखवून मी म्हटलं, "ही १८८६ सालची, मोज हिचे कोपरे." तर ती कोपरे सोडून सीताफळं मोजायला लागली. बोहरी आळीत मात्र तिचे डोळे विस्फारले. एका बाजूला नाताळच्या पुठ्ठ्याच्या चांदण्या टांगलेल्या, दुसऱ्या बाजूला संक्रांतीच्या पतंगांचे गठ्ठे सुटत होते. मी पतंगी कागद मागितला. दुकानदारानं रंगीत गठ्ठा पुढ्यात ओढला, कोपऱ्यावर हलकीच फुंकर मारली, सगळे ताव कोपऱ्याशी पिसासारखे उचलले गेले, आणि त्यातून त्यानं बोटाच्या चिमटीत पिवळे चार, राणी दोन, पोपटी दोन असे मोजून काढले. एकही ताव चुरगळला नाही. फुंकर मारून कागद मोजणारा माणूस ईरानं आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. परतीच्या गाडीत ती माझ्या मांडीवरच्या गुंडाळीवर फुंकर मारत होती, आणि समोरच्या बाई आपल्या पदरावर काही पडलंय का ते बघत होत्या.

चांदणी करायला तशी सोपी, पण फसवी. सहा इंचांचा चौकोन घ्यायचा, कर्णावर एक घडी घालून उघडायची, मग एका टोकाच्या दोन्ही कडा त्या कर्णाच्या रेषेवर आणून दुमडायच्या. झाली एक पाकळी, पतंगासारखी: एक टोक निमुळतं, दुसरं काटकोनी. अशा आठ. काटकोनी टोकं सगळी मध्याला, निमुळती बाहेर, आणि प्रत्येक पाकळीची खालची कड आधीच्या पाकळीच्या मधल्या घडीला लावायची. म्हणजे ९० अंशांची पाकळी दर वेळी ४५ अंश पुढे सरकते, आणि आठव्यांदा वर्तुळ पुरं होतं. शेवटच्या पाकळीची कड पहिलीच्या खाली सरकवायची की झालं. हाताला काही कळत नाही, नुसता पिवळा कागद वाटतो. पण काचेला लावून उजेड मागे आला की एकाच पिवळ्याचे तीन पिवळे दिसायला लागतात: मध्याला लिंबासारखा, जिथे पदरावर पदर पडलेत तिथे हापूसच्या सालीसारखा, आणि दोन्हींच्या मधली छटा, रेषा आखून दिल्यासारखी. या रेषा कुणी काढलेल्या नसतात. घड्यांनीच त्या काढलेल्या असतात. मला हे इतकं आवडलं की माझी पहिली चांदणी झाल्यावर मी ती घेऊन घरभर फिरलो.

चिकटवायला हिनं, ईराच्या आजीनं, हौसेनं खळ केली, कढल्यात मैदा शिजवून, झुरळं येऊ नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद घालू का असंही विचारून गेली. ते विष नको म्हणून सगळ्यांनी मिळून नाकारलं. पण खळीनं घात केला. पतंगी कागद पाणी प्यायला बसलेलाच असतो. खळ लागली तिथे तो आकसला, राणी रंग सुटून टेबलाच्या सनमायक्यावर उतरला, आणि ईराच्या हनुवटीवरही. शेवटी कोपऱ्यावरून डिंकाची कांडी आणली. कांडीचा डिंक कोरडा, कागद चुरमडत नाही. माझ्या पिढीला खळीवाचून काही चिकटतं यावर विश्वास ठेवायला वेळ लागतो.

ईरा घड्या घालताना जीभ बाहेर काढते. नखानं घडी मोडायला मी शिकवलं, तर ती घडी मोडून झाल्यावर तिच्यावर मूठ आपटायची, पक्की बसावी म्हणून. कड रेषेला लागते की नाही हे तिच्या खिजगणतीत नव्हतं. तिचं लक्ष दुसरीकडेच: प्रत्येक पाकळीला ती काहीतरी सांगत होती, अर्धं मराठीत, अर्धं जर्मनमध्ये. व्हायचं तेच झालं. सात पाकळ्या थोड्या थोड्या सरकत गेल्या आणि आठवी कशीबशी कोंबली. मध्याला आठही टोकं एका बिंदूत यायला हवी होती, ती बिंदूच्या अलीकडेच थांबली, आणि बरोबर मधोमध वाटाण्याएवढं भोक राहिलं.

मी म्हटलं, "थोडी उलगडून परत लावूया का?"

ती म्हणाली, "आता सुकली." विषय संपला.

दुपारी आमच्या दक्षिणेच्या खिडकीत ऊन येतं. बाराही महिने येत नाही. मेच्या मध्याला तर सूर्य पुण्याच्या बरोबर डोक्यावर, त्या दिवशी सावलीसुद्धा सापडत नाही, आणि पुढे अडीच महिने तो भर दुपारी चक्क उत्तरेला झुकलेला असतो. दिवाळीनंतर ऊन आत यायला लागतं, डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो. मुलाला विचारलं, तुमच्याकडे किती? त्यानं फोनवर बघून सांगितलं, जेमतेम १८. म्हणजे तिकडे ऊन खिडकीतून जवळजवळ आडवं येत असणार, पार समोरच्या भिंतीपर्यंत, आणि आमचं खिडकीच्या पायथ्याशीच फरशीवर पडतं. ईरा त्या उन्हाच्या चौकोनात पाय ठेवून उभी राहिली आणि पायावर पिवळं काही पडतंय का ते शोधायला लागली. पडलं नाही. नुसती पुसट सावली, कडेला किंचित रंगाची शंका. पतंगी कागद काचेसारखा रंग फरशीवर टाकत नाही. आलेलं ऊन आपल्याच अंगात पसरवून घेतो आणि स्वतः पेटतो. हे मला शाळेत कुणी शिकवलेलं नव्हतं. शनिवार पेठेतल्या आमच्या वाड्याच्या एका दारावर शिकलो होतो.

माजघरातून दिवाणखान्यात यायच्या दाराच्या वर अर्धगोल कमान होती, तिच्यात सहा काचा, लाल, निळी, हिरवी, परत लाल, निळी, हिरवी. सकाळी साडेनऊच्या सुमाराला शहाबादी फरशीवर त्यांचे सहा तुकडे पडायचे आणि मी त्यात एकेक पाऊल टाकत शाळेला निघायचो. लालवर सुरुवात, हिरव्यावर शेवट. मात्र शेवटचा हिरवा नेहमी धुरकट पडायचा, पाण्यात विरघळल्यासारखा. त्याचं कारण मला सातव्या वर्षी कळलं. ती काच नव्हतीच, कागद होता. मूळची काच पानशेतच्या पुरात गेली असं घरात सांगत. खरंखोटं देव जाणे, कारण आमच्या घरात जे जे मोडकं होतं ते सगळं १९६१च्या पुरातच मोडलेलं असायचं, अगदी माझ्या आत्याचा ठरलेला विवाहसुद्धा. एका मे महिन्याच्या दुपारी सगळे लवंडलेले असताना मी स्टुलावर स्टूल ठेवून वर चढलो आणि कागदच आहे ना, याची खात्री करायला बोट लावलं. बोट ओलं होतं, नुकताच बर्फाचा गोळा चोखलेला. कागदानं टक् असाही आवाज केला नाही. बोट सरळ पलीकडे.

मग अर्थातच मी त्या भोकाला डोळा लावला. त्यातून माजघर दिसत होतं, रोजचंच. फळीवरचे डबे, दोरीवरचं लुगडं आणि जमिनीवर उशाशी हात घेऊन झोपलेली माझी आई. तिला झोपलेली मी कधी पाहिलेलं नव्हतं. म्हणजे पाहिलंच असेल, पण अशी वरून, तिला ठाऊक नसताना, नाही. तोंड किंचित उघडं होतं. मी घाईघाईनं खाली उतरलो. मला कुणी रागावलं नाही. दुसऱ्या दिवशी आईनं त्या भोकावर त्याच रंगाच्या कागदाचं चौकोनी ठिगळ लावलं, आणि तेवढ्या जागी हिरवा दुप्पट गडद झाला. वाडा पाडेपर्यंत ते ठिगळ तिथे होतं. बिल्डरला ताबा द्यायच्या आधी काचा काढून कुणीतरी जुन्या बाजारात विकल्या म्हणतात. कागद कुणी काढला असेल असं वाटत नाही.

ही गोष्ट मी ईराला त्याच संध्याकाळी सांगितली, खाली पार्किंगमध्ये. खाली का, तर अंधार पडल्यावर आमच्या खोलीतून तिची चांदणी काळी ठिक्कर दिसायला लागली. मला वाटलं आता ही रडणार. पण ती अनुभवी होती. म्हणाली, "रात्री ती खालच्या लोकांची असते. चला." तिकडे डिसेंबरात साडेचारलाच अंधारतं. नाताळच्या आधी काही वस्त्यांमधून रोज एका घराची सजवलेली खिडकी उजळते, १ तारखेपासून २४ पर्यंत, आणि लोक थंडीत ती बघायला येतात, हे मुलानं सांगितलं होतं. आपला आकाशकंदील तरी वेगळं काय करतो? आपण चार दिवस त्याची वायर सांभाळायची आणि बघायचं समोरच्या बिल्डिंगनं.

तर आम्ही स्वेटर घालून खाली उभे. तिसऱ्या मजल्यावर आमची खिडकी, तिच्यात पिवळी चांदणी, आणि तिच्या मधोमध एक पांढरा शुभ्र ठिपका, ट्यूबलाइटचा. "तो डोळा आहे," ईरा म्हणाली. "तो आपल्याला बघतोय. तुमच्या आईला बघितलं ना तुम्ही, तसं." मी हं म्हटलं. एवढ्यात सोसायटीचे एक सभासद कुत्र्याला फिरवून परत आले, आमच्या नजरेच्या रोखानं वर बघून म्हणाले, "वा! नातीनं केलं का? मध्ये फाटलंय वाटतं."

बस, एवढंच बोलले. चांगले गृहस्थ आहेत. पण तिसऱ्या मजल्यावरचं भोक जर कुत्र्याला घेऊन चाललेल्या माणसाला दिसतं, तर ते अख्ख्या गल्लीला दिसतं, आणि खिडकी कुणाची तर ड्राफ्ट्समनची. वर येऊन मी जेवलो, ईराला झोपवलं, आणि साडेअकरापर्यंत कड बदलत राहिलो.

सकाळी ती रडली असती तर बरं झालं असतं. मुलाला लहानपणी मी असंच काहीबाही नीट करून द्यायचो, तेव्हा तो भोकाड पसरायचा, मी ओरडायचो, आणि दोघंही मोकळे व्हायचो. ईरानं तसं केलं नाही. डोळा कुठे गेला विचारलं, माझं उत्तर आलं नाही, मग ती पुन्हा चांदणीकडे वळली, आणि मोठी माणसं दुसऱ्याच्या घरातल्या वस्तूला म्हणतात तशा आवाजात म्हणाली, "छान आहे, आजोबा." आणि शेजारच्या कबीरकडे खेळायला गेली. स्वयंपाकघरातून हिनं सगळं ऐकलं होतं. म्हणाली, "जुनी कुठे टाकलीत?" मी सुक्या कचऱ्याचा डबा उघडला. कचरा घेऊन जाणाऱ्या ताई साडेसातलाच येऊन गेल्या होत्या.

उरलेल्या दिवसांत आम्ही राणी आणि पोपटी चांदण्या केल्या. मी तिच्या कागदाला हात लावला नाही, ताठ बसून राहिलो. पण ती आता दर घडीला थांबून माझ्याकडे बघायची, कड बरोबर लागली का म्हणून. तिच्या शेवटच्या दोन चांदण्यांना भोक नव्हतं.

ती गेल्यावर मी एक उद्योग केला. तिची ती चांदणी परत करून बघायची. पहिल्यांदा वाटलं, एक पाकळी कमी लावली की झालं. सात लावल्या. भोक पडलं नाही. दोन्हीकडच्या पाकळ्यांनी ती जागा झाकली, नुसता तेवढा भाग फिकट झाला. म्हणजे एखादी पाकळी नसली तरी चांदणी ते मध्यावर दिसू देत नाही, बाहेरचं एक टोक तेवढं कमी. मग ठरवून वाकड्या लावल्या. तर हाताला वाकडं म्हणजेसुद्धा दर वेळी सारखंच वाकडं येऊ लागलं. मध्याला भोक पडलं, पण नियमित अष्टकोनी, कंपासनं काढल्यासारखं. नट बसवून घ्या त्यात. तिचं भोक तसं नव्हतं. ते एका बाजूला किंचित ओघळलेलं होतं. डोळ्यासारखं, हे मला आता म्हणता येतं. डायनिंग टेबलावर वाकड्या चांदण्यांचा ढीग बघून ही म्हणाली, "आता सहासष्टाव्या वर्षी वाकडं शिकताय?"

परवा रविवारी व्हिडिओ कॉल होता. इकडे दुपारचे चार, तिकडे साडेअकरा. ईरानं खिडकी दाखवायला सांगितली. मी फोन धरला. दोन महिन्यांच्या उन्हानं पतंगी कागदाचा पिवळा पार उतरलाय, शिळ्या सायीसारखा, कडा चुरचुरीत झाल्यात. तीन छटांपैकी जेमतेम दोन उरल्यात.

"तुझी चांदणी," मी म्हटलं.

"ती तुमची आहे," ती म्हणाली. मग मी तिला टेबलावरचा ढीग दाखवला, सगळं सांगितलं. सात पाकळ्यांचं, वाकड्या पाकळ्यांचं, नटाचं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. तिच्या मागे खिडकीत राणी रंगाचं काहीतरी लटकत होतं.

"आजोबा," ती म्हणाली, "बोट घाला ना."

"काचेवर आहे गं ती. बोट जाणार कसं?"

"ओलं करून."

फोन हिच्या हातात दिला. बोट जिभेला लावलं आणि चांदणीच्या मध्यावर टेकवलं. कागद आधी गडद झाला, मग मऊ पडला, मग बोटाखाली त्याच्या लहान लहान पिवळट वळकट्या होऊन निघायला लागल्या. एक पदर, मग दुसरा. बोटाला काचेचा गारवा लागला. फोनमधून "अजून, अजून" ऐकू येत होतं. मी वाकून डोळा लावला. खाली इस्त्रीवाले दोघं नवरा-बायको एक मोठी चादर चार कोपऱ्यांना धरून घडी घालत होते. कोपरे काही जुळत नव्हते. ती हसत होती.